द्राक्षगर्भ

तिसरा महिना भरायच्या आतच अपेक्षाचं पोट दिसायला लागलं. सलवारीची नाडी कितीही सैल बांधली तरी काचायची. कंपनीच्या बसमध्ये बायका उठून तिला जागा द्यायच्या आणि विचारायच्या, "पाचवा का?" ती नुसती हसायची. हसण्याचंही त्राण नसायचं खरं तर. सकाळी डोळे उघडले की उलट्या सुरू व्हायच्या आणि मग घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरायचं नाही.

"जुळी हायेत," फुलाबाई म्हणाल्या. "माझ्या चुलत जावंचं असंच झालतं. लई वकायची. मंग दोन पोरं झाली."

फुलाबाई म्हणजे घरमालकीण. हिंजवडीजवळच्या माण गावातली त्यांची जमीन आयटी पार्कात गेली, तेव्हा त्यांनी गोठ्याला लागून तीन मजली इमारत बांधली होती आणि वरच्या खोल्या कंपन्यांत काम करणाऱ्या बाहेरगावच्या लोकांना भाड्याने दिल्या होत्या. खाली त्या स्वतः, मुलगा विकी आणि सून वृषाली. दुसऱ्या मजल्यावर अपेक्षा आणि मनीष. ती परभणीची, तो जालन्याचा. दोघंही हिंजवडीत नोकरीला. ही गोष्ट दोन हजार सहा सालची.

जुळ्यांची कल्पना मनीषला फार आवडली. तो बाइकवर मागे वळून वळून तिला नावं सुचवायचा, आणि ती म्हणायची, "समोर बघून चालव." तिला स्वतःला मात्र बरं वाटत नव्हतं. उलट्यांमुळे नव्हे. उलट्या सगळ्यांनाच होतात. पोट एवढ्या घाईने वाढत होतं, आणि तरी आत कोणी आहे असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. हे ती कुणाजवळ बोलली नाही. पहिलटकरणीला काय कळतंय, असंच सगळे म्हणाले असते.

मग एका गुरुवारी अंगावरून थोडं तपकिरी जायला लागलं. गुरुवारी दिवसभर वीज नसायची. ती रजा टाकून अंधाऱ्या खोलीत पडली होती. तिने मनीषला फोन केला आणि तो अर्ध्या कामावरून उठून आला.

सोनोग्राफीच्या खोलीतला डॉक्टर आधी बरंच बोलत होता. कुठल्या, किती दिवस झाले, नोकरी कुठे. मग तो बोलायचा थांबला. पोटावरून यंत्र फिरवत राहिला, एकाच जागी परत परत.

"ठोके ऐकू येतायत का?" अपेक्षाने विचारलं.

"तुमचे मिस्टर बाहेर आहेत ना?" तो म्हणाला. "त्यांना घेऊन आजच तुमच्या डॉक्टरांना भेटा."

पडद्याची एक कड तिला दिसत होती. तिथे बाळासारखं काही नव्हतं. नुसते पांढरे ठिपके होते, आभाळातल्या चांदण्यांसारखे दाट.

वाकडच्या डॉक्टर मेधा पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि दोघांना खुर्च्या पुढे ओढून घ्यायला सांगितलं.

"पोटात बाळ नाहीये," त्या म्हणाल्या. "गेलंय असं नाही. सुरुवातीपासूनच नव्हतं."

"मग हे एवढं काय वाढलंय?" मनीषने विचारलं.

"वार माहितीय ना? बाळाला आईशी जोडते ती. दिवस राहिले की काही पेशी बाळ घडवायला लागतात आणि काही वार घडवायला. तुमच्या बाबतीत बाळ घडलंच नाही. वारेच्या पेशी मात्र वाढत सुटल्या. पाण्याने भरलेले बारीक फुगे असतात, घोसच्या घोस. म्हणून याला द्राक्षगर्भ म्हणतात. या पेशी जो रस रक्तात सोडतात, त्याच्यामुळेच शरीराला वाटतं की दिवस गेलेत. तुमच्या उलट्याही त्याच्यामुळेच."

अपेक्षाने दोन्ही हात पोटावरून काढून खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले.

"हे सगळं काढावं लागेल," डॉक्टर पुढे म्हणाल्या. "बहुतेकींचं तेवढ्यावर संपतं. थोड्याजणींच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत मागे राहतात आणि पुन्हा वाढायला लागतात. म्हणून दर आठवड्याला रक्त तपासायचं. त्या रसाचा आकडा शून्याकडे गेला पाहिजे."

"आणि नाही गेला तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

हे एवढं एकच वाक्य अपेक्षा घरी घेऊन आली.

पोट रिकामं केल्यावर उलट्या दुसऱ्याच दिवशी थांबल्या. भूक लागायला लागली. भूक लागते याचाच तिला राग यायचा. परभणीहून आईचा फोन आला. "लोकांना पडलं म्हणून सांग," आई म्हणाली. "ते द्राक्षं-बिक्षं काही सांगत बसू नकोस. आणि जेवायलीस का नाही?" फुलाबाईंनाही तेच सांगितलं, पडलं म्हणून. त्यांनी मेथी घालून डिंकाचे लाडू आणून दिले आणि म्हणाल्या, "पयलं गेलं तर जाऊ दे. वरीसभरात दुसरं होतंय."

पण दुसरं इतक्यात होऊ द्यायचं नव्हतं. पुन्हा दिवस राहिले असते तर तो रस वाढला असता आणि कुठल्या कारणाने वाढला हे कळलं नसतं. डॉक्टरांनी तसं बजावून सांगितलं होतं. दर शनिवारी अपेक्षा रक्त द्यायची आणि सोमवारी मनीष रिपोर्ट घेऊन यायचा. आकडा आधी लाखांत होता. मग हजारांत आला, मग शेकड्यांत. शनिवार ते सोमवार दोघं एकमेकांशी नीट बोलायचे नाहीत. सोमवारी आकडा उतरलेला दिसला की मंगळवार, बुधवार बरे जायचे. गुरुवारपासून परत तिची झोप उडायची.

मनीष बदलला होता. ऑफिस सुटल्यावरही तो तिथल्या संगणकासमोर बसून राहायचा. घरी आला की जेवून भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तिच्या खांद्यावरसुद्धा हात ठेवायचा नाही. तिने एकदा विचारलं, "काय वाचत बसतोस तिथे?"

"काही नाही. काम असतं."

तिला वाटलं, ह्याला माझी किळस यायला लागलीय. असल्या गोष्टी वाढवणाऱ्या बाईची. हे मनात आलं आणि मग जाईना.

मग एका सोमवारी आकडा उतरला नाही. होता तिथेच राहिला. "एक आठवडा अजून बघू," डॉक्टर मेधा फोनवर म्हणाल्या. "कधी कधी असं होतं."

तो आठवडा तिला काढवेना. शुक्रवारी कामावरून येताना ती हिंजवडीच्या चौकात उतरली आणि मेडिकलमधून गरोदरपण तपासायची पट्टी घेतली. दुकानदाराने पिशवी देताना ओळखीचं हसू दिलं. घरी मनीष आला नव्हता. न्हाणीघराची कडी लावून तिने पट्टी पाहिली. एक रेघ आली. मग दुसरी उमटायला लागली, आधी फिकट, मग ठसठशीत लाल.

चार महिन्यांपूर्वी अशीच पट्टी पाहून ती आनंदाने रडली होती आणि मनीषने तिला उचललं होतं. आता पोटात कोणी नव्हतं, तरी आत काहीतरी शरीराला सांगत होतं की दिवस गेलेत. शरीर त्याच्यावर विश्वास ठेवत होतं. ती ओल्या फरशीवर बसली. खाली वृषाली म्हशीला हाका मारत होती, तो आवाज खिडकीतून येत होता.

सोमवारी आकडा वाढलेला आला.

डॉक्टर मेधांनी या वेळी चष्मा काढला नाही. "आता मी तुम्हाला स्पष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "हा कॅन्सरचाच एक प्रकार आहे."

खोलीतला पंखा कुरकुरत होता. मनीष खाली मान घालून बसला होता. अपेक्षा म्हणाली, "मला नीट समजावून सांगा. आत काय चाललंय ते. मला न कळता भीती वाटते, त्याच्यापेक्षा कळून वाटलेली बरी."

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. "शरीरातली प्रत्येक पेशी कधी ना कधी वाढते. जखम भरते, केस उगवतात, ते त्याच्यामुळेच. पण वाढायचं कधी हे पेशीला जसं कळतं, तसं थांबायचं कधी हेही कळतं. बिघडलेली पेशी मरायची असते तेव्हा मरते. कॅन्सरच्या पेशीला हे थांबणं आणि मरणं उरत नाही. ती एकाची दोन, दोनाची चार होत राहते, शेजारच्या पेशींची जागा खाते, रक्त आपल्याकडे ओढून घेते. आणि वारेच्या पेशींचं तर कामच आत शिरायचं असतं. बाळाला रक्त मिळावं म्हणून त्या आईच्या गर्भाशयात मुळं रोवतात. एरवी त्या एका हद्दीशी थांबतात. तुमच्या थांबत नाहीयेत."

"कुठपर्यंत जातात?"

"रक्तात सुटल्या तर आधी फुप्फुसात. म्हणून आज छातीचा एक्स-रे काढायचा. पण एक लक्षात ठेवा. इतक्या वेगाने वाढणाऱ्या पेशींवरच आपलं औषध सगळ्यात चांगलं लागू पडतं. या आजारात जवळजवळ सगळ्या बायका बऱ्या होतात. पुढे त्यांना मुलंही होतात."

अपेक्षाच्या कानात फक्त 'जवळजवळ' राहिलं.

एक्स-रे काढून रिपोर्ट हातात येईपर्यंत ती बाकावर बसली होती. तिला खोकला आला. तिने तो दाबला. मग आणखी आला. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा अपेक्षाला कळलं की आपण हाताच्या तळव्यात रक्त आहे का ते बघतोय. रक्त नव्हतं. एक्स-रेही स्वच्छ आला. मनीषने रिपोर्ट दोनदा वाचला आणि बाइक काढली.

माणच्या अलीकडे, जिथे नव्या रस्त्याचं काम चालू होतं आणि दोन्ही बाजूंना अजून भाताची खाचरं होती, तिथे त्याने बाइक अचानक बाजूला घेतली. उतरला. हेल्मेट काढून आरशाला अडकवलं.

"ते तुझं नाहीये," तो म्हणाला.

"काय?"

"पोटातलं. मी नेटवर वाचलंय. अशा गर्भात आईचं बीज रिकामं असतं. जे वाढतं ते सगळं बापाकडून आलेलं असतं. सगळं. तुझ्यात जे शिरत चाललंय ते माझं आहे, अपू. ते म्हणजे मीच आहे."

डांबराच्या गाड्या शेजारून जात होत्या. अपेक्षाला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिला राग आला, पण त्याने सांगितलं त्याचा नाही.

"म्हणून तू भिंतीकडे तोंड करून झोपतोस?"

"हात लावायची भीती वाटते."

"आणि मला वाटलं तुला किळस येते."

तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि रडला. लग्नानंतर तिने त्याला रडताना पहिल्यांदाच पाहिलं. ती लगेच जवळ गेली नाही. इतके दिवस ती एकटी घाबरत होती आणि तोही एकटा घाबरत होता, एकाच खोलीत. मग तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चल. ऊन लागतंय मला."

पुढच्या वेळी तिनेच त्याच्यासमोर डॉक्टरांना विचारलं. "खरंय," डॉक्टर मेधा म्हणाल्या. "बीज रिकामं निघालं आणि त्यात फक्त वडिलांचा अंश वाढला. पण ते तुम्ही केलं नाहीत आणि त्यांनीही नाही. कुणाच्या खाण्यापिण्याने नाही, नोकरीने नाही, नजर लागून नाही. जुळणी पहिल्याच क्षणी चुकली. मला अजून कोणी विचारलं की का चुकली, तर मी सांगते, माहीत नाही."

मनीष त्या 'माहीत नाही'ने फार शांत झाला असं नाही. पण त्या दिवसापासून तो कामावरून वेळेवर यायला लागला.

इंजेक्शनं सुरू झाली. एक दिवसाआड कंबरेत, मग काही दिवस सुट्टी, मग परत. औषध वाढणाऱ्या पेशींना मारायचं आणि तोंडातल्या पेशीही वाढणाऱ्याच असतात, म्हणून तिचं तोंड आतून सोलून निघालं. वरणसुद्धा झोंबायचं. ती गार दूध-भात कालवून एक एक शीत गिळायची. थकून भिंतीला टेकली की तिला वाटायचं, आत्ता या क्षणी आत कोण जिंकतंय? त्या पेशी की औषध? बाहेरून काहीच कळायचं नाही.

वृषालीला तेव्हा सातवा लागला होता. खाली डोहाळजेवणाची तयारी चालली होती. आजाराचं नाव फुलाबाईंच्या कानावर कुठून गेलं ते कळलं नाही, पण एका संध्याकाळी त्या वर आल्या आणि दाराबाहेरच उभ्या राहिल्या.

"आत या ना, मावशी."

"न्हाई, हितंच बरी हाय." त्यांनी पदर नीट केला. "पोरी, वाईट वाटून घिऊ नको. तुला कॅन्सर झालाय म्हनत्यात. आमची वृषाली पोटुशी हाय. तू जरा जिन्यावर तिच्या म्होरं येऊ नको. आन् जेवनाला बी..."

अपेक्षाच्या तोंडात बोलतानाही आग व्हायची. तरी ती म्हणाली, "मावशी, हा रोग एकाचा दुसऱ्याला होत नाही. जंतू नसतात याचे. माझ्याच पोटातल्या पेशी आहेत, त्या थांबायचं विसरल्यात. त्या माझ्यातून उठून वृषालीत जाऊ शकत नाहीत. माझ्या ताटात जेवली तरी नाही."

"आपल्याच अंगातलं आपल्यावर कसं उलटतंय?"

"उलटत नाही. त्यांना आपलं-परकं काही कळतच नाही. नुसत्या वाढत बसतात."

"तू म्हनतीस ते पटतंय मला," फुलाबाई म्हणाल्या. "पर मन मानत न्हाई. पोर व्हईस्तवर ऱ्हाऊ दे." आणि त्या खाली गेल्या.

डोहाळजेवणाच्या दुपारी खालून गाण्यांचे आवाज येत होते. मनीष म्हणाला, "आपण खोली बदलू. पलीकडे नेरे गावात बघतो मी." अपेक्षा म्हणाली, "राहू दे. मला आत्ता सामान बांधायचं बळ नाही." तिने खिडकी लावून घेतली.

दोन दिवसांनी फुलाबाई शेताकडे गेल्या असताना दार वाजलं. वृषाली होती, धापा टाकत, कठड्याला धरून. हिरव्या बांगड्यांनी हात भरलेले.

"मावशींनी सांगितलंय ना तुला?" अपेक्षा मागे सरकली.

"ताई, मी इचारायला आलीय." वृषाली आत येऊन सरळ पलंगावर बसली. तिचे डोळे सुजलेले होते. "माज्या पोटात पन तसलंच असंल तर? मला झोपच येत न्हाई. समदी म्हनत्यात पोट लई मोठं दिसतंय. आत्याबाईंना सांगितलं तर म्हनत्यात, त्या खोलीकडं बगू नको."

अपेक्षाला क्षणभर तिचा हेवा वाटला आणि रागही आला. ही आपल्याकडे येऊन हे विचारते. मग तिने वृषालीचा चेहरा पाहिला. त्यावर होतं ते तिला चांगलं ओळखीचं होतं.

"सोनोग्राफी झालीय ना तुझी?"

"झालीय. पाचव्यात."

"काय म्हणाले?"

"हात-पाय समदं ठीक हाय म्हनले."

"मग झालं तर. माझ्यात हात-पायच नव्हते, वृषाली. बाळच नव्हतं. फक्त वार वाढली होती. तुझं हलतंय का?"

"लई लाथा मारतंय."

"जे लाथा मारतं ते बाळ असतं."

वृषालीने डोळे पुसले. मग संकोचाने अपेक्षाचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. अपेक्षाला हात काढून घ्यावासा वाटला. पण तेवढ्यात तळव्याखाली एक ढुशी बसली, चांगली जोरकस, आणि तिचा हात तिथेच राहिला.

"तुमचं बरं व्हईल ना, ताई?"

"आकडा उतरला पाहिजे," अपेक्षा म्हणाली. दुसरं काही म्हणायचं धाडस तिच्यात नव्हतं.

आकडा उतरला. लगेच नाही. पहिल्या फेरीनंतर थोडाच, इतका थोडा की डॉक्टरांनी औषध बदलायची तयारी ठेवली. दुसऱ्या फेरीनंतर तो एकदम कोसळला. दिवाळीच्या आसपास असा एक सोमवार आला की मनीषने रिपोर्ट तिच्या हातात दिला आणि त्यावर निरोगी बाईच्या रक्तात असावा तेवढाच आकडा होता. तिने विचारलं, "हा बरोबर आहे ना? दुसऱ्या कुणाचा नाही ना?" त्याने नाव वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं.

तरी लगेच कोणी सोडलं नाही. आणखी इंजेक्शनं झाली, मग दर महिन्याला रक्त. वृषालीला मुलगी झाली होती. ती रांगायला लागली, चालायला लागली. फुलाबाई नातीला कडेवर घेऊन जिन्यावर बोलत उभ्या राहायच्या, पण तिला अपेक्षाच्या हातात द्यायला त्यांनी बरेच महिने लावले. प्रत्येक महिन्याच्या तपासणीआधी अपेक्षाचं डोकं दुखायचं, कंबर दुखायची, आणि रिपोर्ट आला की दुखणं थांबायचं. खोकला आला तर मनीष हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायचा.

वर्ष उलटल्यावर डॉक्टर मेधांनी शेवटचा रिपोर्ट पाहून तो तिच्याकडे सरकवला. "आता माझ्याकडून बंदी नाही," त्या म्हणाल्या. "दिवस राहिले तर लवकर या, आपण लवकर बघू. दर वेळी असं होत नाही."

बाहेर आल्यावर मनीष बाइकला किल्ली लावून तसाच थांबला. त्याला विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं.

"आत्ता नको," अपेक्षाच म्हणाली.

"मी काही म्हणालोच नाही."

"मला थोडे दिवस कशाचीच वाट बघायची नाहीये, मनीष. नुसतं राहायचंय."

"बरं," तो म्हणाला. ती मागे बसली आणि दोन्ही हातांनी त्याला घट्ट धरलं. वाकडच्या चौकात नेहमीसारखी गर्दी होती. दोघं त्या गर्दीत बराच वेळ अडकून पडले, आणि दोघांपैकी कोणालाच घाई नव्हती.